जखम पिकते तेव्हा

आमच्या काळाचौकीत कुणाला टाके पडले की सोबत आलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, भात बंद ना? पू होईल." भाताने पू होत नाही, वरणानेही नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा वरण जरा जास्तच वाढा.

पू होतो जंतूंमुळे. पण उघड्या जखमेवर जंतू असतातच. ते आत शिरून वाढू लागले आणि शरीराने दंड थोपटले, की जखम पिकते. म्हणून जखम पुसून पाठवलेल्या नमुन्याच्या रिपोर्टात जंतूचं नाव आलं, एवढ्यावरून अँटिबायोटिक द्यायचं नसतं. आधी जखम बघायची, मग कागद.

जंतू न मारताही जखम भरू शकते, याचं उदाहरण इथून जवळच आहे. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या निर्जंतुक पट्ट्या वापरल्या. साल काही जंतू मारत नाही. पण तिच्याखाली जखम ओलसर राहते आणि ड्रेसिंग बदलताना नवी कातडी उपटून येत नाही. (घरी हा प्रयोग नको. हळद आणि टूथपेस्टही नको.)

टाक्यांच्या कडेला पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, थोडी सूज असायचीच. दुखणं मात्र रोज उतरायला हवं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते उलट चढलं, ठणका लागला, हाताला गरम लागलं, पायाच्या जखमेमुळे जांघेत अवधाण आलं, तर दवाखाना गाठा. मी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारतो आणि शेजारी वेळ लिहितो. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली की "कालच्यासारखंच आहे हो" म्हणायची सोय राहत नाही.

आत पू साचला असेल, तर एखाद-दुसरा टाका सोडून त्याला वाट करून द्यावी लागते. तिथे नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या चार गोळ्यांनी तर नाहीच. आणि जखम एवढीशी, पण दुखणं असह्य, भोवतीची कातडी काळीनिळी, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता थेट केईएम रुग्णालय गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो.

मधुमेहात पाय बधिर झाला असेल, तर ठणका जाणवतच नाही. मोज्याला डाग दिसतो, तेव्हा कळतं. अशांनी रोज रात्री तळवे आरशात बघावेत.

आता पावसाचं. पायाला जखम असताना हिंदमात्याच्या चौकात तुंबलेल्या पाण्यातून आला असाल, तर ती नळाच्या धारेखाली साबणाने धुवा. वरून कोरडी दिसली तरी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी द्यायची का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, हे तेव्हाच बघायचं असतं. ताप येईपर्यंत थांबू नका.