पावसाळी दिवसाचे बोलोन्या

इटलीच्या उत्तरेकडे पो नदीचे सपाट मैदान जिथे संपते आणि आपेनाइन डोंगरांची चढण लागते, तिथे पायथ्याशी बोलोन्या हे शहर वसले आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे इथले पावसाचे महिने. दिवसदिवस आभाळ भरलेले असते, झड लागते, तरी जुन्या गावातली माणसे छत्री मिटलेली ठेवूनच बाजारहाट उरकतात आणि पाहुणेही निवांत शहर पाहतात. रस्त्यांच्या कडेने सलग गेलेल्या कमानींच्या ओसऱ्यांमुळे हे जमते. या ओसरीला तिथे पोर्तिको म्हणतात. जुन्या शहरात पोर्तिकोंची लांबी सुमारे ३८ किलोमीटर भरते. वेशीबाहेरचे धरले तर ६२. युनेस्कोने २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. युरोपात पावसाळी दिवस घालवण्यासाठी एकच शहर निवडायचे असेल, तर ते बोलोन्या असावे.

पोर्तिको जन्मले ते जागेच्या टंचाईतून. इथले विद्यापीठ १०८८ मध्ये स्थापन झाल्याचे परंपरा मानते. विद्यार्थी आले, त्यांच्या मागोमाग कारागीर आणि व्यापारी आले, आणि घरे अपुरी पडू लागली. घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले. तो भार पेलायला आधी तिरक्या तुळया दिल्या, मग खाली खांब उभे केले. आज हे अतिक्रमण ठरले असते. बोलोन्याने मात्र त्यालाच नियमाची चौकट दिली. १२८८ च्या शहर-कायद्याने ठरवले की नवे घर बांधताना पुढे पोर्तिको ठेवलाच पाहिजे. त्याची उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे २.६६ मीटर हवी, जेणेकरून घोडेस्वार खालून जाऊ शकेल. जागा मालकाची, डागडुजीही मालकानेच करायची. चालण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा. खाजगी मालकी आणि सार्वजनिक वाट यांची ही सांगड सात शतकांहून अधिक काळ टिकली, आणि बोलोन्याचे खरे मोठेपण तिच्यात आहे. चित्रे, चर्च आणि मनोरे इटलीत गावोगावी आहेत. कोणाही वाटसरूच्या डोक्यावर छप्पर असावे, याची कायद्याने एवढी सोय केलेली शहरे थोडी.

१५६८ मध्ये लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडी खांब घालण्याचा हुकूम निघाला. त्यातून जे सुटले, त्यांतला सर्वांत देखणा नमुना स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर काझा इझोलानी या तेराव्या शतकातील घरापुढे उभा आहे. ओकचे उंचच उंच खांब सुमारे नऊ मीटरांवर तिसरा मजला तोलून धरतात. वरच्या तुळयांत तीन बाण रुतले आहेत अशी दंतकथा सांगतात, आणि पाहुणे माना वर करून ते शोधत राहतात.

हाच रस्ता दोन मनोऱ्यांपाशी निघतो. आसिनेल्ली ९७ मीटर उंच. शेजारचा गारिसेंदा ४८ मीटरांचा आणि चांगलाच कललेला. ढग कललेल्या मनोऱ्यावरून उलट दिशेने सरकू लागला की मनोराच अंगावर येतोय असे वाटते. दान्तेने 'इन्फेर्नो'त वाकणाऱ्या राक्षसाला हीच उपमा दिली आहे, आणि ती पटायला ढगाळ दिवसच लागतो. गारिसेंदाच्या सुरक्षिततेसाठी ऑक्टोबर २०२३ पासून आसिनेल्लीवर चढणेही बंद झाले; पण मनोरे खालून पाहण्यात काही कमी पडत नाही.

मुख्य चौकातील सान पेत्रोनिओ या चर्चचे काम १३९० मध्ये सुरू झाले. त्याचा दर्शनी भाग आजही अपुरा आहे; खाली संगमरवर आणि वर उघडी वीट. आत जमिनीवर सुमारे ६७ मीटर लांबीची एक रेषा आहे. ज्योतिर्विद कास्सिनी याने ती १६५५ मध्ये आखली. उंचावरच्या छताला असलेल्या छिद्रातून सूर्यबिंब माध्यान्ही या रेषेवर उतरते. त्या बिंबाचा आकार वर्षभरात कसा बदलतो हे मोजून कास्सिनीने केप्लरच्या सिद्धांताला पाठबळ दिले. पावसात बिंब पडत नाही, पण रेषेवरच्या राशींच्या खुणा निवांतपणे पाहता येतात. चौकातच पोदेस्ता वाड्याच्या खालच्या घुमटाकार छपराखाली एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोलले, तर समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला स्पष्ट ऐकू येते. मुले तिथून हलायला तयार नसतात.

तिथून पाव्हालिओने पोर्तिकोच्या खालून चार पावलांवर आर्किजिन्नाझिओ आहे. १५६३ मध्ये बांधलेली ही विद्यापीठाची जुनी इमारत. तिच्या भिंती आणि छते विद्यार्थ्यांच्या हजारो कुलचिन्हांनी भरलेली आहेत. पण वेळ द्यावा तो शवविच्छेदनाच्या सभागृहाला. १६३७ मध्ये सुरू केलेली ही संपूर्ण लाकडाने मढवलेली खोली. मधोमध संगमरवरी टेबल, चारी बाजूंना बाके, आणि अध्यापकाच्या आसनावरचे छत्र पेलणारे दोन पुतळे. त्वचा सोललेल्या मानवी देहाचे हे लाकडी पुतळे एर्कोले लेल्ली याने घडवले. एकेक स्नायू वेगळा दिसतो. जानेवारी १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात ही खोली उद्ध्वस्त झाली. ढिगाऱ्यातून लाकडाचे तुकडे आणि पुतळे वेचून युद्धानंतर ती पुन्हा उभारली गेली. आजची खोली पाहताना ही जिद्दही लक्षात घ्यायला हवी.

दुपारच्या जेवणासाठी चौकालगतच्या क्वाद्रिलातेरो बाजाराच्या अरुंद गल्ल्या गाठाव्यात. मोर्तादेल्लाचे गुलाबी दंडगोल, पार्मिजानो चीजची चाके, ताज्या पास्त्याचे ताट मांडलेली दुकाने तिथे आहेत. जवळच ओस्तेरिया देल सोले हा १४६५ पासूनचा मद्यगुत्ता आहे. तिथे वाइन मिळते, खाणे मात्र बाजारातून स्वतः घेऊन यायचे. पण पावसात गरम खावेसे वाटते, आणि त्यासाठी बोलोन्याकडे तोर्तेल्लीनी आहेत. मैदा आणि अंडी मळून केलेला गोळा लांब लाटण्याने इतका पातळ लाटतात की ओट्याचे लाकूड आरपार दिसावे. त्याचे लहान चौकोन कापायचे, चिमूटभर सारण ठेवायचे, त्रिकोणी घडी घालून बोटाभोवती गुंडाळायची आणि टोके दाबायची. सारणाची कृती १९७४ मध्ये शहराच्या व्यापारी मंडळाकडे रीतसर नोंदवली गेली. डुकराचे मांस, प्रोश्युत्तो, मोर्तादेल्ला, पार्मिजानो, अंडे आणि जायफळ असे ते सारण. हे सगळे मांसाच्या स्वच्छ, वाफाळत्या सारात वाढतात. शाकाहारी माणसाने रिकोत्ता चीज भरलेल्या, आकाराने मोठ्या तोर्तेल्लोनी लोण्यात परतून मागवाव्यात.

त्या जायफळाचा एक धागा कोकणाशी जुळतो. बोलोन्याचा प्रवासी लुदोव्हिको दी व्हार्थेमा याचे प्रवासवर्णन १५१० मध्ये रोममध्ये छापले गेले. त्यात चौल आणि दाभोळ या बंदरांचे वर्णन आहे, आणि पुढे बांदा बेटांवरील जायफळाचेही. तो बांदापर्यंत खरोखर पोहोचला होता का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

जेवणानंतर चालायची तयारी असेल तर सारागोझ्झा वेशीतून सान लूकाच्या टेकडीकडे निघावे. इथला पोर्तिको ६६६ कमानींचा, सुमारे ३.८ किलोमीटर लांब. १६७४ मध्ये बांधायला घेतलेला. त्याची कथा पावसाचीच आहे. १४३३ मध्ये अतिवृष्टीने पिके सडू लागली, तेव्हा टेकडीवरची मातामेरीची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणली आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून प्रतिमा दरवर्षी खाली येते. यात्रेकरू भिजू नयेत म्हणून नागरिकांनी वर्गणीतून ही छायेची वाट बांधली. पहिला भाग सपाटीचा. मेलोन्चेल्लो कमानीशी पोर्तिको रस्ता ओलांडतो आणि मग खडी चढण लागते. ओल्या फरशीवर पाय घसरतो, म्हणून बुटाचा तळ खरखरीत हवा. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कमानीआड पावसाने धुतलेला हिरवा उतार, असे तासभर चालले की चर्च येते.

रात्रीच्या जेवणाला ताल्यातेल्ले आणि रागू. ताल्यातेल्ले म्हणजे अंड्याच्या पास्त्याच्या लांब पट्ट्या. १९७२ च्या नोंदीनुसार शिजल्यावर त्यांची रुंदी ८ मिलिमीटर हवी. आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा हा १२,२७० वा भाग. रागूची कृती १९८२ मध्ये नोंदवली गेली. गोमांस, डुकराच्या पोटाचे खारवलेले मांस, कांदा, गाजर, सेलरी, थोडा टोमॅटो, वाइन आणि दूध, मंद आचेवर काही तास शिजवलेले. परदेशात 'बोलोन्येझ' म्हणून हा रस्सा स्पॅगेटीवर घालतात. बोलोन्याच्या परंपरेत ते बसत नाही. त्याचे कारण साधे आहे. लाकडी पाटावर लाटलेल्या पट्टीचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि रागू त्याला धरून राहतो; गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो ओघळून ताटाच्या तळाशी साचतो. ताटात जे थोडे उरते, ते पावाच्या तुकड्याने पुसून खायला घरगुती खानावळीत कोणाची हरकत नसते.