दुष्काळाची निकड आणि सभागृहाची घाई
(तलवाडा, ता. गेवराई येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



त्वरितादेवीच्या गावात त्वरेविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये. दुष्काळ, अतिवृष्टी किंवा साथ आली की शासनाला तातडीने पैसा लागतो. सभागृहातील चर्चा संपेपर्यंत थांबा, असे उपाशी मजुराला सांगता येत नाही. प्रश्न एवढाच की, त्याच्या निकडीच्या नावाने मंजूर काय काय होते?

घटनाकारांनी ही अडचण ओळखली होती. अनुच्छेद २६७ नुसार स्थापन झालेल्या आकस्मिकता निधीतून विधानमंडळाच्या मंजुरीपूर्वीच आगाऊ रक्कम काढता येते. पुढे अनुच्छेद २०५ नुसार पुरवणी मागणी मांडून त्या खर्चाला मान्यता घ्यावयाची असते. म्हणजे पहिला टँकर किंवा पहिल्या आठवड्याची मजुरी चर्चेपायी अडण्याचे कारण नाही. मग चर्चा आखडती का घेतली जाते?

सभागृहात कोणत्या कामाला किती वेळ, हे कामकाज सल्लागार समितीत ठरते. नेमलेली वेळ भरली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात. कपात सूचना कागदावरच राहतात. संसदीय परिभाषेत यालाच ‘गिलोटिन’ म्हणतात. पाठोपाठ विनियोजन विधेयक येते. विधान परिषदेला मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही. विधेयकावर १४ दिवसांत शिफारशी करण्यापुरताच तिला वाव आहे. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने तर केंद्राच्या सर्व मागण्या गदारोळात अशाच संमत केल्या. तेव्हा कोणतीही आपत्ती कोसळलेली नव्हती.

करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्याचे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत आटोपले आणि सुमारे २९ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या संमत झाल्या. साथीत ते समजण्यासारखे होते. परंतु २०२४ मध्ये, अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला त्याच अधिवेशनात, सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांतील मोठा वाटा ‘लाडकी बहीण’ योजनेचा होता. गरीब स्त्रीच्या हाती पैसा पडावा, याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. पण जो खर्च आधी दिसत होता त्याची जागा मूळ अर्थसंकल्पात होती. पुरवणी मागणी हा अर्थसंकल्पाचा दुसरा दरवाजा होऊ लागला, तर पहिल्या दरवाजावरील पहारा व्यर्थ ठरतो.

महाराष्ट्राने याहून चांगला मार्ग एकदा दाखविला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची संख्या मे १९७३ पर्यंत सुमारे ५० लाखांवर गेली. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रुजलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ चा कायदा लाभला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. व्यवसाय कराचे उत्पन्न आणि शासनाचा तेवढाच वाटा, असा कायमचा निधी उभा राहिला. चर्चा दुष्काळाआधी झाली, म्हणून संकटात मजुराला दयेची याचना न करता हक्काने काम मागता आले. बीडसारख्या जिल्ह्यात अवर्षण हे आकस्मिक नसतेच. त्याची तरतूदही आकस्मिक असू नये.

म्हणून तीन नियमांचा आग्रह धरला पाहिजे. आपत्तीच्या मागण्या इतर मागण्यांपासून वेगळ्या मांडाव्यात आणि त्यांना गिलोटिन लावू नये. प्रत्येक पुरवणी मागणीसोबत मूळ तरतुदीपैकी किती खर्च झाला, हे छापावे; मूळ रक्कम शिल्लक असतानाच पुरवणी मंजूर करून घेतल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वारंवार नमूद झाले आहे. आणि घाईने मंजूर झालेल्या खर्चाचा हिशेब पुढील अधिवेशनात चर्चेसाठी आलाच पाहिजे.

आमदार गावात येतात तेव्हा कार्यकर्ते रस्त्याचे, विहिरीचे निवेदन देतात. ते द्यावेच. त्यासोबत एक प्रश्नही विचारावा: या तालुक्याच्या नावाने मागणी मताला पडली, तेव्हा त्यावर किती मिनिटे चर्चा झाली?