फुकटचा वर्ग आणि सातची वेळ

(पारनेर इथे तालुक्यातल्या बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



फोटोग्राफी हा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. पाण्याचं बोला, दारूचं बोला, फोटो कसले काढायचे, असं त्या हसण्यात होतं. म्हणून आधी एक हिशेब करू. गेल्या तीन-चार वर्षांत तुमचा फोटो किती वेळा निघाला? २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले, तेव्हा एकदा निघाला. रोजगार हमीच्या कामावर २०२३ च्या १ जानेवारीपासून मोबाइलवरची हजेरी सक्तीची झाली. मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढायचा आणि तो चढला नाही तर मजुरीचा घोळ. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी २०२५ पासून चेहरा मोबाइलला दाखवावा लागू लागला. बचत गटाला कर्ज मिळालं की धनादेशाचा फोटो निघतो. त्यात साहेब मधोमध असतात आणि तुम्ही कडेला, पदर सावरून.

म्हणजे कॅमेरा आपल्या ओळखीचा आहे. फक्त आपण कायम त्याच्या एकाच बाजूला उभ्या आहोत. दुसऱ्या बाजूला जाऊन बटण दाबायचं कसं, कधी आणि कशासाठी, हे शिकण्याबद्दल मी बोलणार आहे.

तुमच्या तालुक्याइतके फोटो महाराष्ट्रात फार थोड्या तालुक्यांचे निघाले असतील. १९७५ नंतर राळेगण सिद्धीत पाणलोटाचं काम सुरू झालं, ते पाहायला जगभरची माणसं कॅमेरे घेऊन आली. नालाबांध, पाझर तलाव, हिरवी शेतं, अण्णा हजारे यांचे फोटो सगळीकडे छापून आले. त्या बांधांवर पाट्या वाहणाऱ्या बायांपैकी किती जणींचं नाव फोटोखाली छापलं गेलं? तुमच्यात राळेगणच्या कुणी असतील तर त्यांनी घरी सासूला विचारून बघावं.

पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतल्या खेड्यांतल्या बायांच्या कामाचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन गावोगाव फिरवलं. बाईचं काम डोळ्यांसमोर असतं आणि बाई दिसत नाही, हा त्याचा विषय. फार मोलाचं काम आहे ते. पण तिथेही कॅमेरा पाहुण्याच्या हातात होता. लावणीच्या चिखलातली बाई स्वतः कशाचा फोटो काढेल, ते आपल्याला अजून ठाऊक नाही.

आता शिकायचं कुठे? पूर्वी शहरात जाऊन फी भरून कोर्स करावा लागे. २०२० च्या टाळेबंदीत चित्र बदललं. फोटोग्राफर घरी बसले आणि त्यांनी झूमवर, गूगल मीटवर वर्ग घ्यायला सुरुवात केली. कॅमेरा कंपन्याही पुढे आल्या. निकॉनने त्या एप्रिलमध्ये आपले ऑनलाइन धडे महिनाभर फुकट खुले ठेवले होते. ते आधीच चित्रित केलेले धडे होते. पण मोफत थेट वर्गांची जी प्रथा तेव्हा पडली ती टिकली. मराठीतून शिकवणारे कमी, हिंदी-इंग्रजीतून पुष्कळ. नाव नोंदवायचं, दुवा येतो, ठरल्या वेळी बसायचं. शिकवणारा बोलतो, आपला फोटो दाखवता येतो, प्रश्न विचारता येतो.

यातले काही वर्ग म्हणजे निव्वळ गळ असतो हेही सांगून ठेवते. तासाभरातली चाळीस मिनिटं पुढच्या सशुल्क कोर्सची जाहिरात, आणि शेवटी ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’. तिथून सरळ बाहेर पडावं. पैसे किंवा ओटीपी मागणारा वर्ग फुकटचा नसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. हे वर्ग बहुधा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान असतात, कारण तेव्हा नोकरदार माणूस मोकळा होतो. कोणता माणूस? सात वाजता तुमची चूल पेटलेली असते, धारा निघत असतात, पोरांचा अभ्यास, सासऱ्यांच्या गोळ्या. वर्ग ठरवणाऱ्याने मुद्दाम बायांना वगळलेलं नसतं. त्याच्या घरी सातला भाकरी कोण टाकतं हा प्रश्न त्याला पडलेलाच नसतो.

दुसरी अडचण फोनची. घरात फोन आहे म्हणजे बाईकडे फोन आहे असं नव्हे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या शंभरातल्या ५४ बायांनी स्वतः वापरायचा मोबाइल आहे असं सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया शंभरात ३३ आणि पुरुष ५७. चांगला कॅमेऱ्याचा फोन नवऱ्याकडे, त्याच्याकडून उतरलेला मुलाकडे, आणि काच तडकलेला तिसरा आपल्याकडे, ही उतरंड मी तुम्हाला सांगायला नको. त्यात तासभर चित्रासह बसलं तर अर्धा-एक जीबी डेटा सहज संपतो. फोन एकाचा आणि पॅक एकच असला की त्या रात्री घरात क्रिकेट बंद. मग बोलणी खावी लागतात.

यावर पुष्कळजण म्हणतात, मग ध्वनिचित्रफिती बघा ना, यूट्यूबवर ढिगाने आहेत, वाटेल तेव्हा बघता येतात. सोय म्हणून ते खरं आहे. पण ‘वाटेल तेव्हा’ या शब्दांना मी भिते. बाईचं ‘वाटेल तेव्हा’ म्हणजे सगळ्यांचं सगळं झाल्यावर, रात्री अकराला, डोळे मिटत असताना. आणि दुसऱ्या दिवशी तेही नाही. थेट वर्गाला वेळ असते. ‘मंगळवारी सात ते आठ माझा वर्ग आहे’ हे वाक्य घरात म्हणावं लागतं. एकदा म्हटलं की घराला त्याचं काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. कुणीतरी भाकरी टाकायची, कुणीतरी धार काढायची, कुणीतरी आपला फोन द्यायचा. थेट वर्ग मला हवा वाटतो तो एवढ्यासाठी. त्यातून फोटो किती चांगले येतील ते पुढे बघू. आठवड्यातला एक तास आपल्या नावावर लागणं, हे सातबाऱ्यावर नाव लागण्याइतकंच अवघड काम आहे.

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१३ सालचा जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण, आणि पुढे देशातली पहिली वृत्तछायाचित्रकार बाई. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, जड सामान घेऊन सायकलवर फिरत त्यांनी फोटो काढले. स्वातंत्र्याच्या वेळची दिल्ली आपण त्यांच्या डोळ्यांनी बघतो. कॅमेरा शिकवला तो माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. आणि सुरुवातीचे फोटो छापून आले तेही माणेकशांच्याच नावावर. शिकवणारा घरातला, कॅमेरा घरातला, नावही घरातल्याचं! २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्यांचं वय ९७ होतं. आज अनोळखी शिक्षकाकडून, घरातल्या कुणाच्या उपकाराशिवाय शिकता येतं, हे या वर्गांचं मला मोठं देणं वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाचं. वर्गात शटर, ॲपर्चर, आयएसओ असे शब्द येतील, त्यांना घाबरू नका. मांजराच्या डोळ्याची बाहुली उन्हात बारीक होते, अंधारात मोठी, ॲपर्चर ते. शटर म्हणजे पापणी किती वेळ उघडी ठेवली. बरेचसे मोबाइल हे स्वतःच ठरवतात, तेव्हा तुमच्या हाती उरतो उजेड आणि तुम्ही उभं राहायची जागा. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. दुपारी बाराला तिथला फोटो काढा, काळा दगड आणि पांढरी चमक एवढंच येईल. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा काढा, प्रत्येक खळग्याची कड दिसेल. हेच कांदा काढणाऱ्या बाईचं. डोक्यावर ऊन, पदराची सावली तोंडावर, चेहरा काळाठिक्कर. आणि आलेला पाहुणा उभ्यानेच फोटो काढतो, म्हणून त्यात तिची पाठ तेवढी येते. तिच्याशेजारी वाफ्यात बसा. बसलं की तिचे डोळे दिसतात. आधी पदराच्या टोकाने लेन्स पुसा, कारण त्यावर पिठाचा हात लागलेला असतो. बोटांनी ताणून जवळ आणू नका, दोन पावलं पुढे जा. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा म्हणजे यंत्र त्याच्याकडे बघेल. एवढं तुम्ही आजच करू शकता.

काहीजणींना यातून चार पैसेही मिळतील. डोहाळजेवण, हळद, बारसं, जिथे बायकाच बायका असतात तिथे फोटोला बाई असली तर हव्याच असतात. जुनी गोष्ट आहे ही. हैदराबादला राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडद्यातल्या बायांसाठी खास स्टुडिओ काढला, तो बाईच चालवत होती.

पण आपल्या संघटनेच्या कामात फोटो कशाला लागतो ते नीट ऐका. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. मारहाण झालेली बाई आपल्याकडे येते तेव्हा वळ ताजे असतात, तक्रार होईतो ते निळे, मग पिवळे पडतात. त्या दिवशी फोटो काढावा, तिला विचारूनच. एक लांबून, चेहऱ्यासह. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. उजळवायचा नाही, फिल्टर लावायचा नाही, मूळ फोटो पुसायचा नाही. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ नुसार असा फोटो पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन कोणाचा, फोटो कुठून आला, हे तिथे सांगावं लागतं. म्हणून तारीख-वार वहीतही लिहा. सरकारी दवाखान्यातली तपासणी याशिवाय हवीच. आणि तो फोटो तिच्या नवऱ्याच्या फोनवर, किंवा त्याच्या खात्याला जोडलेल्या फोनवर काढू नका. तो रात्री त्याच्या गॅलरीत दिसेल, आणि पुढचा मार त्या फोटोसाठी पडेल.

विचारून काढा, हे दुसऱ्यांदा म्हणते. दिल्लीच्या शीबा छाछी १९८० पासून हुंड्याविरुद्धच्या मोर्चांचे फोटो काढत होत्या. त्या स्वतः चळवळीतल्या. तरी पुढे त्यांना वाटू लागलं की मूठ वळलेली, घोषणा देणारी बाई एवढंच आपण दाखवतो आहोत. मग १९९० च्या सुमारास त्यांनी त्याच मैत्रिणींना विचारलं: तुझा फोटो कुठे काढू, शेजारी काय ठेवू, तू कशी बसशील? मुलीच्या हुंडाबळीसाठी वर्षानुवर्षं लढलेल्या सत्यराणी चढ्ढा यांनी निवडलं सर्वोच्च न्यायालय. मदत वाटपाचे फोटो काढून अहवालात लावणाऱ्या आपल्या संस्थांनी यातून काही घ्यावं.

‘आम्हाला वाचताच येत नाही, आम्ही काय शिकणार’ असं सकाळी एक मावशी म्हणाल्या. अहमदाबादच्या सेवा संघटनेत १९८४ साली वीसएक बायांनी व्हिडिओ कॅमेरा शिकला. भाजी विकणाऱ्या होत्या त्यांत, आणि कित्येकींना अक्षर येत नव्हतं. त्यांनी बटणं खुणांवरून लक्षात ठेवली आणि फिल्म तयार केल्या. तेव्हा मावशींनी पहिल्या रांगेत बसावं.

एकेकटीने हा वर्ग करू नका, टिकणार नाही. गावात सात-आठजणी जमा, एकच फोन आणि एकच पॅक, आपला कॅमेरा बंद ठेवा म्हणजे डेटा कमी जाईल. अंगणवाडीची किल्ली सेविकाताईंकडे आहेच. हिंदी समजणारी एकजण इतरांना सांगत जाईल. झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी तुटतं, पुन्हा जोडायला एक चुणचुणीत पोरगी जवळ ठेवा. प्रश्न लिहून न्या, आणि विचारताना आपलं नाव आणि गाव सांगा.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात गावनिहाय बसून तीन गोष्टी कागदावर मांडू: फोन कोणाचा, जागा कोणती, आणि मंगळवारी सात वाजता प्रत्येकीच्या घरी भाकरी कोण टाकणार. तिसऱ्या रकान्यात ‘मी आधीच करून येईन’ असं लिहायचं नाही.