आपले गायरान आणि गाजर गवत

(चावडीपुढे जमलेल्या गावकऱ्यांसमोर केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी गायरानाबद्दल चार शब्द बोलणार आहे. गायरान म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गावाची गुरे चरावीत म्हणून राखलेली ही जमीन. ती कुणा एकाची नाही. ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, त्याला तिचा उपयोग आहे. ज्याच्याजवळ एक गुंठाही शेत नाही, त्याच्या दोन शेळ्याही याच रानावर जगतात.

पण आज पुष्कळ गायरानांची दशा काय आहे? पावसाळ्यात लांबून पाहिलं तर सगळं हिरवंगार दिसतं. जवळ जाऊन बघा. त्या हिरव्यात चारा किती आणि तण किती? गुरं दिवसभर हिंडतात आणि संध्याकाळी खपाटीला गेलेली पोटं घेऊन घरी येतात. हिरवं दिसलं म्हणजे चारा झाला, असं नाही.

नावात गवत, पण गवत नव्हे

या तणांत सर्वांत त्रासदायक म्हणजे गाजर गवत. पाने गाजराच्या पाल्यासारखी, फुले बारीक, पांढरी. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कुणी चटकचांदणी म्हणतात. नावात गवत आहे, पण हे गवत नव्हे. ते अमेरिका खंडातून आलेले एक तण आहे. महाराष्ट्रात ते १९५५ साली पुण्याला प्रथम नजरेस आले. तिथून ते रस्त्याच्या कडेने गेले, ओढ्याच्या पाण्यातून गेले, मुरमाच्या गाडीतून आणि शेणखतातून गेले. पाहता पाहता ते देशभर पसरले.

त्याचा ताप काय, तो तुम्ही भोगताच आहात. अंगाला लागले तर खाज सुटते, चट्टे उठतात. त्याच्या फुलांची धूळ नाकात गेली तर कुणाला शिंका येतात, कुणाला दम लागतो. शहाणे जनावर त्याला तोंड लावत नाही. पण पोटात आग पडली की जनावर काय करील? चाऱ्याबरोबर तेही खाते. मग तोंडाला फोड येतात, कातडीला खाज सुटते, केस झडतात. दुभत्या जनावराच्या दुधाला कडवट चव येते. असे दूध डेअरीत कोण घेणार?

बियांचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. तुम्ही आता आकडे लिहायला शिकला आहात. पाटी घ्या.

गाजर गवताच्या एका चांगल्या वाढलेल्या झाडाला १०,००० पेक्षा जास्त बिया येतात. आपण १०,००० च धरू. त्यांतल्या शंभरातली एकच उगवली, असे समजू. तरी १०० झाडे झाली. त्या १०० झाडांना प्रत्येकी १०,००० बिया. म्हणजे १०,००,००० बिया. दहा लाख! आणि सुरुवात किती झाडांपासून केली? एका.

हे झाड उगवल्यावर महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते. ओल असेल तर वर्षातून त्याच्या तीन-चार पिढ्या होतात. बी हलके असते. ते वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते, गुरांच्या खुरांना चिकटून जाते. जमिनीत पुरलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते.

या हिशेबातून एक गोष्ट निघते. फुलाच्या आधी उपटलेले एक झाड म्हणजे एकच झाड. फुलल्यावर, बी पडल्यावर उपटलेले झाड म्हणजे नुसती हौस. काम तेवढेच झाले, पण बी जमिनीत गेले ते गेलेच.

तण का माजते?

कुणी म्हणेल, "हे परदेशी तण आलं, त्याला आम्ही काय करणार?" तण बाहेरून आले, हे खरे. पण त्याला जागा कोणी दिली?

गवताचे अन्न त्याच्या पानात तयार होते. पान ही गवताची चूलच म्हणा ना. आपण पहिला पाऊस पडला की लगेच गुरे सोडतो. कोवळी पाने वर येतात न येतात, तोच गुरे ती खाऊन टाकतात. पुन्हा फुटतात, पुन्हा खातात. चूल पेटूच दिली नाही तर मुळे काय खाणार? चांगले गवत उपाशी मरते. त्याला बी धरायला तर सवडच मिळत नाही.

दुसरी गोष्ट. गुरे निवडून खातात. पवना, मारवेल, डोंगरी ही गोड गवते आधी खातात. गाजर गवत तसेच ठेवतात. म्हणजे आपण चांगले संपवतो आणि वाईट राखतो. पवना, मारवेल हटले की आधी कुसळी वाढते. कुसळी कोवळी असताना गुरे खातात, पण तिची कुसळे पिकली की ती तोंडात टोचतात, मेंढीच्या लोकरीत अडकतात. कुसळीही गेली की जमीन उघडी पडते. ओस पडलेल्या घरात चोर शिरतो. तसे उघड्या जमिनीत गाजर गवत शिरते.

म्हणून कामे दोन आहेत. तण काढणे हे एक. गवत वाढवणे हे दुसरे. पहिले केले आणि दुसरे केले नाही, तर पुढच्या वर्षी तण पुन्हा हजर.

तण कसे काढावे?

पहिला चांगला पाऊस झाला की पंधरा दिवसांत गाजर गवताची रोपे दिसू लागतात. तेव्हाच कामाला लागा. ओल्या जमिनीत रोप मुळासकट सहज येते. विळ्याने वरून कापू नका. बुडखा राहिला तर तो पुन्हा फुटतो. एकदा उपटून थांबू नका. बी सगळे एकदम उगवत नाही. तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी करा. पाऊस संपता संपता तिसरी करा.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. चांगली गोष्ट आहे. पण जूनमध्ये उगवलेले झाड ऑगस्टपर्यंत फुललेले असते. तेव्हा सप्ताहाची वाट पाहू नका. तोपर्यंत आपली पहिली फेरी होऊन गेलेली असावी.

उघड्या हाताने उपटू नका. हातमोजे घाला. ते नसले तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. तोंडावर फडके, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा पोलके असू द्या. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवा. ज्याला दमा आहे, ज्याच्या अंगावर चट्टे उठतात, त्याला या कामाला लावू नका.

फूल न आलेली झाडे खड्ड्यात टाका. पाल्याचा एक थर, वर शेणकाल्याचा, वर मातीचा. ओल राखा. चांगले खत होते. फुललेली झाडे मात्र खतात टाकू नका. ती बी न सांडता एका जागी गोळा करा, वाळवा आणि वणवा लागणार नाही अशा बेताने जाळा.

या कामात आपला एक मदतनीसही आहे. मेक्सिको देशातला एक छोटा भुंगा. त्याच्या पांढुरक्या पाठीवर काळपट रेघा असतात. १९८३-८४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी तो बंगळूरला आणला आणि सोडला. तो आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजर गवताची पाने खातात. थंडीत तो जमिनीत दडून बसतो. शेजारच्या गावी तो दिसला तर डब्यात भरून आणा आणि आपल्या गायरानात सोडा. मात्र सगळे काम तोच करील, असे समजून हात बांधून बसू नका.

काहीजण विचारतात, "औषध मारून टाकलं तर?" गायरानावर तणनाशक मारू नका. त्याने चांगले गवतही जळू शकते आणि तिथे आपली गुरे चरतात. मिठाच्या पाण्याचेही तसेच. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ घालून फुलाआधी फवारले तर झाड वाळते. पण मिठाने जमीन बिघडते. तो उपाय रस्त्याच्या कडेला, दगडगोट्यांत ठीक आहे. गायरानात नको. गावठाणाच्या कडेला तरोट्याचे बी फेका. तरोटा, म्हणजेच टाकळा, दाट उगवतो आणि गाजर गवताला दाबतो.

टणटणीचे काय?

जिथे डोंगरउतार आहे तिथे टणटणी माजते. तिला घाणेरीही म्हणतात. ती विषारी आहे. जनावराने ती खाल्ली तर पोट गच्च होते, डोळे पिवळे होतात, उन्हात पांढऱ्या अंगाची कातडी भाजल्यासारखी होऊन फाटते. अशा जनावराला लगेच सावलीत बांधा आणि गुरांच्या डॉक्टरला बोलवा.

टणटणी कोयत्याने तोडली किंवा जाळली तरी पुन्हा फुटते. तिच्या बुडाची माती उकरा. जमिनीच्या खाली तीन-चार बोटे मुख्य मूळ कुदळीने तोडा. मग झुडूप उलटे करून, मुळे वर, तसेच वाळू द्या. म्हणजे ते पुन्हा जीव धरत नाही.

गवताला विसावा द्या

आता दुसरे काम. गायरानाचे चार भाग पाडा. दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवा. बाकीच्या तिन्हींत गुरे चारा. बंद भागात गवत वाढेल, बी धरेल, ते बी पडेल. दिवाळीच्या सुमारास ते गवत कापून न्या. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद करा. चार वर्षांत साऱ्या रानाला विसावा मिळेल. जिथे जमीन अगदी उघडी आहे, तिथे पावसाच्या तोंडाशी मारवेल, पवना, स्टायलो यांचे बी माती आणि शेणात कालवून, लहान गोळ्या करून टाका.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. पुढे गावाने चराईबंदी केली. गुरे मोकाट सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचे, असे ठरवले. बोडके डोंगर गवताने भरले. गावचे दूध कमी झाले नाही, उलट कितीतरी वाढले.

पण एक गोष्ट विसरू नका. ज्याला शेत आहे, तो बांधावरचा चारा आणील. ज्याला शेत नाही, त्याने शेळ्या कुठे न्यायच्या? भाग बंद करताना हा विचार आधी करा. गावाजवळचा भाग पहिल्या वर्षी बंद करू नका. बंद भागातले गवत कापायची वेळ आली की पहिला वाटा भूमिहीनांना द्या. नाहीतर पोटासाठी तो रात्री कुंपण मोडील, आणि दोष त्याचा नसेल.

तसेच तण उपटायचे काम आयाबायांच्याच माथी मारू नका. श्रमदान असेल तर घरटी एक माणूस, मग ते घर कुणाचेही असो. मजुरी द्यायची असेल तर ग्रामसभेत ठरवून रोखीने द्या. गायरान साऱ्यांचे, तर घामही साऱ्यांचा.

मंडळी, आपल्या शेतातले तण आपण काढतो. गायरानातले कोण काढणार, म्हणून जो तो गप्प बसतो. मग गायरानातले बी उडून शेतातच येते. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगत आले. तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवून टाका. पहिली फेरी कोणत्या दिवशी, बंद भाग कोणता, आणि त्यातल्या गवताची वाटणी कशी. तिन्ही गोष्टी कागदावर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. खाली सह्या करा आणि तो कागद चावडीवर लावा.

ध्यानात ठेवा

१. गाजर गवत फुलाआधी, मुळासकट उपटा.
२. हातमोजे घाला. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.
३. पावसाळ्यात तीन फेऱ्या करा.
४. फुललेले झाड खतात टाकू नका.
५. दरवर्षी गायरानाचा एक भाग बंद ठेवा.
६. गवताच्या वाटणीत भूमिहीनांचा वाटा पहिला.