पीएचडीचा उपयोग वर्गातल्या पोरांना

आज बोलायचं आहे आपल्या शाळेतल्या बाईंच्या पीएचडीबद्दल.

एखादी शिक्षिका पीएचडीला प्रवेश घेते म्हटलं, की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. पगार वाढणार का? आणि या वयात कशाला? पण खरा प्रश्न तिसराच आहे. यातून शाळेतल्या पोरांना काय मिळणार?

पदवी असली तरच माणूस शिक्षणात पुढारपण करतो असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली. पुणे विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली ती १९५९ साली, आयुष्याच्या अगदी शेवटी. आधी काम, मग पदवी.

मग आजच्या बाईंनी पीएचडी का करावी? अण्णांच्या काळी प्रश्न होता, की गावात शाळाच नाही. आज शाळा आहे, पटावर नाव आहे, पण पोराला वाचता येतं का? याचं उत्तर शोधावं लागतं, आणि शोधायचं कसं ते पीएचडीत शिकायला मिळतं.

समजा, जत तालुक्यातली एक शाळा आहे. तिकडे कित्येक घरांत कन्नड बोलतात. तिसरीची पोरं मराठी वाचताना अडखळतात. स्टाफरूममधलं उत्तर तयार असतं, "घरचं लक्षच नाही." संशोधन करणारी बाई तिथं थांबत नाही. कोणती पोरं अडतात? कोणत्या शब्दांवर? घरात कोणती भाषा? ऊसतोडीच्या दिवसांत किती हजेरी? ती एकेका पोराचं वाचन ऐकून वहीत मांडते. चार महिने कन्नड शब्दांचा आधार देऊन शिकवते आणि पुन्हा वाचन घेते.

सुधारणा दिसली, की ती आनंदानं मार्गदर्शकांकडे जाते. ते विचारतात, "हे तुमच्या पद्धतीमुळेच झालं कशावरून? पोरं चार महिन्यांनी मोठी झाली, म्हणूनही झालं असेल." हा प्रश्न झोंबतो. पण पुढे तोच प्रश्न ती स्वतःला विचारायला लागते, आणि बाईंचं पुढारपण तिथून सुरू होतं. शाळा व्यवस्थापन समितीत ती नुसतं "मला वाटतं" म्हणत नाही, वही पुढे ठेवते. नव्या शिक्षिकेला रागावण्याऐवजी म्हणते, "चल, आपण दोघी मिळून बघू." केंद्राच्या शिक्षण परिषदेत तिचं बोलणं लोक कान देऊन ऐकतात.

आता व्यवहाराचं. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत साधारण ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, त्यासाठी शाळेचं ना-हरकत पत्र हवं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि बाळंतपण किंवा मुलांच्या संगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा.

पण संध्याकाळच्या दोन तासांची सवलत कुठल्याच नियमात नाही. त्या वेळी भाकरी कोण थापणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, हे प्रवेश घेण्याआधी घरात बोलून घ्या. एकटीनं सगळं ओढायचं ठरवलं, तर आधी प्रबंध मागे पडतो आणि मग तब्येत.

आणखी एक. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे भेटतील. त्यांच्याकडून दारावरची पाटी मिळेल, पण प्रश्न विचारायची सवय विकत मिळत नाही.

ज्यांची पीएचडी झाली आहे, त्या बाईंना एक विनंती. प्रबंध कपाटात ठेवू नका. त्यातलं सार साध्या मराठीत पालकसभेत सांगा. आणि आयांनो, तुम्हीही विचारा, "बाई, तुम्ही काय शोधलंत? माझ्या पोराला त्याचा काय उपयोग?" यात बाईंचा अपमान नाही. तुमच्या या प्रश्नानंच त्यांच्या कष्टाचं चीज होईल.