तर्क शुद्ध, गृहीतक अशुद्ध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



२० मार्च १९९५ रोजी सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन या प्राणघातक रसायनाच्या पिशव्या छत्रीच्या टोकांनी फोडण्यात आल्या. चौदा जणांचे प्राण गेले, हजारोंना बाधा झाली. फोडणाऱ्या पाच जणांपैकी एक हृदयशल्यविशारद होता; तिघांनी विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले होते. हे सारे ‘ओम शिनरिक्यो’ पंथाचे अनुयायी. पंथप्रमुख शोको असाहारा याने ओंकार आणि भगवान शिव यांची नावे घेतली. पण पवित्र शब्दांचा उच्चार म्हणजे धर्म नव्हे. आपल्याविरुद्ध कारस्थान रचले गेले असून आपल्यावरच विषारी वायू सोडला जात आहे, अशी त्याची शिकवण होती.

एवढी शिकलेली माणसे फसली कशी? यंत्रात प्रत्येक भाग कुणीतरी हेतुपूर्वक बसवलेला असतो. प्रत्येक बिघाडामागे निश्चित कारण असते. ही दृष्टी कारखान्यात उपकारक ठरते. समाज मात्र यंत्र नव्हे. तेथे योगायोग, आळस, गोंधळ यांनाही स्थान असते. तंत्रज्ञ हे विसरला की त्याला प्रत्येक घटनेमागे एखादा अदृश्य अभियंता दिसू लागतो.

अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त गगनारविंदाचे उदाहरण आहे. आकाशातील कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे! अनुमानाची मांडणी नेटकी. पण आकाशात कमळच नाही. तल्लख बुद्धी अनुमानाच्या पायऱ्या तपासते आणि पायाच तपासायचा राहून जातो. शिवाय विरोधी पुरावा समोर आला, तर तोही कारस्थानाचाच भाग ठरवण्याचे चातुर्य तिच्यापाशी असते.

कारस्थाने नसतातच, असे नव्हे. ओमचे कारस्थान खरेच होते. पण त्याचा मागोवा मातीने दिला. पंथाच्या केंद्राजवळील मातीत सारिनशी संबंधित अवशेष सापडल्याचे वृत्त १ जानेवारी १९९५ रोजीच जपानी वृत्तपत्रात आले होते. खरा कट तपासता येणारा पुरावा मागे ठेवतो.

म्हणून कार्यकर्त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : कोणता पुरावा मिळाला, तर माझे मत बदलेल? उत्तर ‘कोणताही नाही’ असे आले, तर तेथे विवेक संपला. विरोधकांविषयीची कथा जितकी आपल्या मनासारखी, तितकी तिची परीक्षा अधिक कठोर हवी. सत्याच्या पायावर न उभारलेले संघटन टिकत नाही.