केळीचा करपा आणि खताची पोती

वरणगावहून बोलतेय. आज विषय केळीच्या करप्याचा.

पावसाळ्यात खालच्या पानांवर आधी बारीक पिवळसर रेघा दिसतात. मग त्यांचे लांबट तपकिरी ठिपके होतात, मधे राखाडी, भोवती पिवळी कड. हा सिगाटोका, बुरशीचा रोग. पानं वाळली की घड पोसत नाही, केळी वेळेआधी पिकते. मग व्यापारी काय भाव करतो, ते तुम्हाला सांगायला नको.

बुरशीला दमट हवा लागते, तसं खायलाही लागतं. नुसता युरिया घातला की पान हिरवंगार, लुसलुशीत होतं. बघायला छान! पण ते नाजूक असतं आणि त्याच्या रसात नत्र साठतं, म्हणजे बुरशीला आयतं ताट. पोटॅश असेल तर पान टणक राहतं.

नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात पाईनच्या झाडांचं असंच झालं. तिथे कुणी युरिया टाकला नव्हता. जनावरांच्या मोठमोठ्या गोठ्यांतला अमोनिया हवेतून झाडांवर उतरला, पानांत नत्र वाढलं, त्या मानाने पोटॅश कमी पडलं, आणि बुरशीने शेंडे वाळवले.

आपल्याकडे केळीच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. पालाश म्हणजेच पोटॅश. माती तपासून थोडं कमी-जास्त करायचं. पोत्यांत मोजा. सगळं नत्र युरियातून दिलं, तर हजार झाडांना वर्षभरात ४५ किलोची साधारण दहा पोती लागतात, आणि पोटॅशची ५० किलोची सात. तुमच्या घरी किती येतात? युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, पोटॅशचं त्याच्या कितीतरी पट. म्हणून हात युरियाकडेच जातो. आमच्या गटात खतासाठी कर्ज मागणारीला मी दोन्ही पोत्यांचा आकडा विचारते. काहींना राग येतो. येऊ दे.

जुन्या पानाची कडा ठिपक्यांशिवाय पिवळी पडून वाळत आली, तर बहुधा पोटॅश कमी पडतंय. त्यावर बुरशीचं औषध मारून पैसे घालवू नका. खरा करपा असेल तर फवारणी कृषी सहायकांना विचारून करा. निंदणीला गेलात की पानाचा करपलेला भाग तेवढा कापा, हिरवा राहू द्या. कापलेलं बांधावर टाकू नका, बागेबाहेर नेऊन पुरा.